गाण्याच्या परीक्षेत डोळ्यांची परीक्षा कशाला?



आपल्या या समूहावर आपण सहसा जुने वाडे, जुने गणपती, जुने गुरुजी यांच्याबद्दल लिहितो. मीही ग्वाल्हेरबद्दल तसंच लिहीत आलोय. आज मात्र आठवण कमी आणि मत जास्त आहे. लिहिता लिहिता लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा. विषय एकट्या ग्वाल्हेरचा नाही. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे आपली मंडळं आहेत आणि मंडळात मुलांचे वर्ग आहेत, तिथला हा विषय आहे.

आमच्या मंडळात संध्याकाळी गाणं, तबला, चित्रकला आणि कथक असे चार वर्ग चालतात. मी तिथे हिशेब बघतो. यंदा चार मुलं अशी आली आहेत की ज्यांच्यामुळे कार्यकारिणीला विचार करावा लागला. गाण्याला एक मुलगी आहे, तिला फार कमी दिसतं. तबल्याला एक मुलगा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, उजवा हात मनासारखा चालत नाही. एका मुलीला ऐकू येत नाही, तिने चित्रकला आणि कथक दोन्हीत नाव घातलंय. चौथा मुलगा ऑटिझमचा. बोलतो कमी, पण पेटीचा एक सूर जरा उतरलेला असला की कानांवर हात ठेवतो.

ठराव असा आला की या चौघांचा एक 'विशेष गट' करावा. त्यांना परीक्षेला बसवू नये. वार्षिक कार्यक्रमात सगळ्यांच्या आधी स्टेजवर बोलवावं, प्रमाणपत्र आणि भेटवस्तू द्यावी, टाळ्या वाजवाव्यात. ठराव मांडणारी मंडळी मनाने चांगली आहेत, मुलांबद्दल त्यांना माया आहे. तरीही माझा या ठरावाला विरोध आहे. तोंडी सांगितलं तर मध्येच चहा येतो आणि विषय बदलतो, म्हणून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट. काहीच न करता मिळालेल्या प्रमाणपत्राला किंमत नसते, आणि हे मुलांना मोठ्यांपेक्षा आधी कळतं. बाकीची मुलं महिनाभर यमनचे आलाप घोकतात, परीक्षकांसमोर हात थरथरतात, निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो. ते सगळं या चौघांच्या वाट्याला येऊ न देणं, याला आपण दया म्हणतो. मला ते दाराबाहेर बसवून प्रसाद देण्यासारखं वाटतं.

आता काही जण म्हणतील, जन्मभर लेजर आणि व्हाउचर बघितलेला माणूस कलेवर काय बोलणार? खरं आहे. मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, बँकेतूनच निवृत्त झालो. पण या प्रश्नात मला जी गोष्ट दिसते ती बँकेनेच शिकवली.

बँकेत सही कशासाठी घेतात? अक्षर सुंदर आहे का हे बघायला नाही. समोरचा माणूस तोच आहे ना आणि पैसे काढायला त्याची संमती आहे ना, एवढंच बघायचं असतं. म्हणून ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा चालतो. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनरला हाताचा अंगठाही उमटवता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. मात्र दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी लागतो. म्हणजे वाट बदलली, पण खातरजमा कमी झाली नाही, उलट वाढली. अंध खातेदारांना पूर्वी पुष्कळ ठिकाणी चेकबुक द्यायला कां-कूं व्हायची. रिझर्व्ह बँकेने जून 2008 मध्ये स्पष्ट सांगितलं की चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज या सगळ्या सोयी त्यांना इतरांसारख्याच द्यायच्या, भेदभाव करायचा नाही. त्याने बँका बुडाल्या नाहीत.

हाच प्रश्न कलेच्या परीक्षेला विचारा. हा मार्क कशाचा आहे? राग ओळखण्याचा असेल तर राग ओळखता येतो का ते बघा. तो कागदावर बारीक अक्षरात लिहिता येतो का, हा वेगळा प्रश्न झाला.

हे मी हवेत बोलत नाही. काही वर्षांपूर्वी ओळखीतली एक मुलगी एका परीक्षा केंद्रावर गाण्याच्या परीक्षेला बसली होती. तिलाही कमी दिसायचं. प्रात्यक्षिकात उत्तम गायली. शास्त्राच्या पेपरात स्वरलिपी लिहायची होती. आता आपली भातखंडे पद्धत आठवा. मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, एका मात्रेत दोन-तीन स्वर आले की खाली चंद्रकोर. चांगल्या डोळ्यांनाही चष्मा लावून बघावं लागतं. त्या मुलीला छापलेला बिंदू दिसत नव्हता आणि स्वतः काढलेला बिंदू कुठे पडला तेही दिसत नव्हतं. तिने लेखनिक मागितला, तर 'आमच्याकडे तशी पद्धत नाही' असं उत्तर मिळालं. लेखीत ती नापास झाली. नंतर घरी कोणीतरी तिला तीच बंदिश तोंडी विचारली, तर 'मंद्र नी, मध्य सा, मग रे' असं मात्रा मोजत तिने घडाघडा सांगितली. विषय तिला येत होता, आपण मोजलं भलतंच. पुढे तिने गाणं सोडलं.

आणि गंमत बघा, या परीक्षा ज्या परंपरेतून आल्या तिच्या मुळाशीच एक अधू डोळ्यांचा मुलगा आहे. विष्णु दिगंबर पलुसकर, 1872 चा जन्म, कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, नजर अधू झाली, शाळेतलं शिक्षण सुटलं, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. बाळकृष्णबुवांनी विद्या आणली ती आमच्या ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडून. पुढे याच विष्णुबुवांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग, इयत्ता, क्रमिक पुस्तकं, स्वरलिपी, सगळं बसवलं. त्यांच्यामागे 1931 साली शिष्यांनी मंडळ स्थापन केलं आणि त्या परीक्षांना आपली मुलं आजही गावोगाव बसतात. ग्वाल्हेरलाही कृष्णराव शंकर पंडितांनी 1914 मध्ये आणि भातखंड्यांच्या पुढाकाराने माधवराव महाराजांनी 1918 मध्ये विद्यालयं सुरू केली. गाणं घराण्याच्या उंबरठ्याबाहेर काढून कोणालाही शिकता यावं, हाच त्या सगळ्यांचा हेतू होता. त्या 'कोणालाही' मध्ये आपली ही चार मुलं बसतात की नाही?

आणखी एक सवय आपल्या समाजात आहे, ती मला खटकते. दिसत नाही म्हणजे गाणं, ऐकू येत नाही म्हणजे चित्रकला, अशी आपण परस्पर वाटणी करून टाकतो. आमच्याकडे उत्तरेत तर अंध मुलगा दिसला की लोक त्याला 'सूरदासजी' म्हणून पेटीपुढे बसवतात. त्याला गाण्याची आवड आहे का, हे कोणी विचारत नाही. त्या ऐकू न येणाऱ्या मुलीने कथकला नाव घातलं तेव्हा आमच्याकडेही हेच झालं. 'चित्रकला ठीक, पण कथक कसं?'

तर ऐका. एव्हलिन ग्लेनी या स्कॉटलंडच्या बाई जगातल्या नामांकित तालवादक आहेत. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांचं ऐकणं जवळजवळ संपलं होतं. त्या अनवाणी वाजवतात, कारण कंपनं पायांतून आणि अंगातून कळतात. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकने त्यांना आधी नाकारलं होतं, असं त्या स्वतः सांगतात. त्यांनी म्हणणं एकच मांडलं, की माझं वाजवणं ऐका आणि त्यावर ठरवा. त्यांना प्रवेश मिळाला, आणि पुढे तिथल्या संगीत संस्थांचं प्रवेशाचं धोरणही बदललं.

उलट बाजूला बिनोदबिहारी मुखर्जी. शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार. जन्मापासून दृष्टी कमजोर, पुढे डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण अंधत्व आलं. थांबले नाहीत. कागद कापून चित्रं केली, हाताने चाचपून छोटी शिल्पं केली, 1972 मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं भित्तिचित्र केलं. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला. बडोद्याच्या मंडळींसाठी सांगतो, तुमच्या फाइन आर्ट्समध्ये वर्षानुवर्षं शिकवलेले के. जी. सुब्रमण्यन हे याच बिनोदबाबूंचे विद्यार्थी. आणि सतीश गुजराल लहानपणीच बहिरे झाले, लाहोरला आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, चित्रकार आणि शिल्पकार झाले, आणि वास्तुकलेचं रीतसर शिक्षण नसताना दिल्लीतल्या बेल्जियमच्या वकिलातीची इमारत त्यांनी उभी केली.

ही मोठी नावं सांगण्याचा हेतू 'आपली मुलंही अशी होतील' असं म्हणण्याचा नाही. बहुतेक मुलं मोठी कलावंत होत नाहीत, चालत्या-बोलत्यासुद्धा होत नाहीत. माझं म्हणणं इतकंच, की कोणाला काय जमणार नाही हे आपण आधीच ठरवू नये.

आता कायद्याचं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, त्यात एकवीस प्रकार आहेत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, अक्षरं वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणी हे सगळं त्यात आहे. त्याच्या कलम 17 मध्ये अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करणं, जादा वेळ, लेखनिक हे येतं. पण कलम 29 आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलंय. त्यात सरकार आणि स्थानिक संस्थांवर अशी जबाबदारी टाकली आहे की सांस्कृतिक आणि कलाविषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना भाग घेता येईल असे नव्याने आखायचे, नृत्य आणि चित्रकलेच्या वर्गांत त्यांचा सहभाग सोपा करायचा. म्हणजे देशाच्या कायद्यात कलेचा वर्ग नावानिशी आहे. आपलं मंडळ सरकार नव्हे, मान्य. पण हॉल महापालिकेच्या जागेवर, अनुदान सरकारचं, आणि या कलमाची वेळ आली की आपण खाजगी, हे बरं दिसत नाही.

लेखी परीक्षांसाठी 2018 मध्ये केंद्राच्या सूचना आल्या. त्यात दर तासाला किमान 20 मिनिटं भरपाईचा वेळ आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. शब्द बघा, 'भरपाईचा'. जादा म्हटलं की बक्षीस वाटतं. भरपाई म्हणजे जे आधीच कापलं गेलंय ते परत देणं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही लोकसेवा आयोगाच्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सांगितलं की लिहिताना हात आखडणाऱ्या माणसाला 40 टक्क्यांचा दाखला नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही.

कलेच्या परीक्षेत मात्र हे नियम जसेच्या तसे उचलून चालत नाही. एक उदाहरण देतो. परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, असं 2018 च्या त्या सूचनांत होतं. हेतू बरोबर आहे, लेखनिकाने स्वतःच उत्तरं लिहू नयेत. पण गाण्याच्या पेपराला शाळेतला कोणताही खालच्या इयत्तेचा मुलगा बसवला तर त्याला 'कोमल गंधार, खाली रेघ' म्हणजे काय ते कळणार नाही. मुलगी बरोबर सांगेल, तो चुकीचं लिहील. म्हणून लेखनिक गाण्यातच एक पायरी खालचा हवा. मध्यमाच्या मुलीला प्रवेशिका झालेला. त्याला चिन्हं येतात, पण वरचा अभ्यास येत नाही. किंवा सरळ शास्त्राचा पेपर तोंडी घ्या आणि रेकॉर्ड करून ठेवा. आपलं सगळं संगीतच शतकानुशतकं तोंडी चाललं, त्यात कमीपणा कसला?

आमच्या वर्गांत काय करता येईल, हे मी चारही शिक्षकांशी बोलून मांडतोय. यातलं ज्ञान त्यांचं, मी फक्त टिपून घेतलंय.

गाणं. कमी दिसणाऱ्या मुलीला बंदिशी मोठ्या अक्षरात, जाड पेनने, एका पानावर दोनच ओळी अशा लिहून द्यायच्या. बिंदू आणि रेघा आणखी ठळक. ज्यांना अजिबात दिसत नाही आणि ब्रेल येते त्यांना ब्रेलमध्ये. बाकीच्यांना फोनवर रेकॉर्ड करून. परीक्षेत स्वरलिपी लिहिण्याऐवजी सांगायची. आलाप, ताना, तालात राहणं, रागाची शुद्धता, याचे मार्क तसूभरही सैल करायचे नाहीत.

तबला. उजवा हात चालत नाही तर दायाँ कसा वाजणार? नेहमीसारखा नाही वाजणार, हे खरं. पण तबला म्हणजे फक्त बोटं नव्हेत. पढंत आहे. हातावर ताल देऊन बोल म्हणणं, ठाय-दुगुन-चौगुन करणं, झपतालाच्या दहा मात्रांत सम न चुकवता तिहाई बसवणं, हे आपल्या परंपरेत मानाचं काम आहे. त्या मुलाची लय पक्की आहे. त्याचा डावा हात चांगला चालतो, तर शिक्षक त्याच हाताने वाजवता येईल अशी मांडणी त्याला करून देतायत. जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही तर तबला स्टूलवर ठेवायचा. पाट्यावर बसून वाजवलं तरच तबला, असं कुठे लिहिलंय?

कथक. लाकडी पाटाचं व्यासपीठ करून त्यावरच तबलजींना बसवायचं, म्हणजे बायाँची घुमक तळपायांना कळते. बाईंनी समोर उभं राहून हाताने सम आणि खाली दाखवायची. पाठीमागून 'एक, दोन, तीन' ओरडून उपयोग नाही. पढंत तोंडाने म्हणण्याऐवजी बोटांनी मात्रा दाखवून, बोल लिहून. तत्काराचा स्पष्टपणा, समेवर येणं आणि अभिनय यांचे मार्क इतरांसारखेच. अभिनयात तर ती मुलगी सगळ्यांच्या पुढे आहे, कारण चेहरा आणि हात ही तिची रोजची भाषा आहे.

चित्रकला. हात थरथरणाऱ्या मुलासाठी ब्रशच्या दांड्याला कापड किंवा फोम गुंडाळून जाड करायचं, कागद चारही बाजूंनी टेबलाला चिकटवायचा. न दिसणाऱ्या मुलासाठी फेविकॉलच्या रेघा काढून वाळवल्या की त्या बोटाला लागतात, लोकर किंवा सुतळी चिकटवली तर आणखी छान. शाडूची माती तर आपल्या घरात दर भाद्रपदात असते. रांगोळीच्या स्पर्धेत 'जमिनीवर बसून' हा शब्द कशाला हवा? व्हीलचेअरवरच्या मुलीला टेबलावर प्लायवूडचा तुकडा द्या, माप तेच ठेवा.

ऑटिझमच्या मुलाला आवाज, गर्दी, अचानक बदल सोसत नाही. त्याची परीक्षा सकाळी पहिली, शांत खोलीत. परीक्षक कोण, खोली कुठली, आधी काय मग काय, हे दोन दिवस आधी चित्रांनी दाखवून ठेवायचं. परीक्षकांनी 'बेटा, नाव काय, शाळा कुठली' असं विचारत बसायचं नाही. सरळ सा द्यायचा. आमच्या गायनाच्या बाई म्हणतात, बाकीच्या मुलांनाही असंच केलं तर अर्धी भीती जाईल.

आता विरोधकांचं म्हणणं. ते मला टाळायचं नाही.

'दर्जा घसरेल.' घसरेल, जर आपण मार्क फुकट दिले तर. मी तर उलट सांगतोय. निकष आधी कागदावर लिहा. सूर किती, लय किती, राग किती, मांडणी किती. आजच्या घडीला आपल्या परीक्षकांकडे असा कागदच नसतो, 'एकंदर बरं गायला, पासष्ट द्या' असं चालतं. निकष लिहिले की चांगल्या डोळ्यांच्या मुलांनाही न्याय मिळेल.

'बाकीच्या पालकांना वाटेल की यांना सवलत मिळाली.' म्हणून नोंद ठेवा. कोणाला कोणती सोय दिली, का दिली, कोणी मंजूर केली. बँकेत नोंद नसलेला व्यवहार संशयाचा, नोंद असलेला नियमाचा. मात्र ती नोंद मंडळाच्या फायलीत राहू दे, प्रमाणपत्रावर नको. प्रमाणपत्रावर 'विशेष' असा शिक्का मारला की मुलगी ते आयुष्यभर कोणाला दाखवणार नाही.

'प्रत्येक गोष्ट बदलता येत नाही.' हे मात्र मला मान्य आहे. समोर ठेवलेल्या घड्यावर उजेड-सावली कशी पडली, ते बघून चित्र काढणं ही परीक्षाच बघण्याची आहे. पूर्ण अंध मुलाला ती देऊन 'जमेल तसं काढ' म्हणणं खोटं आहे. तिथे कामच बदला. तोच घडा त्याच्या हातात द्या, मातीत करायला सांगा, आणि प्रमाणपत्रावर प्रामाणिकपणे 'मातीकाम' लिहा, 'वस्तुचित्र' नको. मुलाचीही फसवणूक नाही, परीक्षेचीही नाही. वाट कुठे बदलायची आणि काम कुठे बदलायचं, हा फरक शिक्षकांनी करायचा. त्यासाठी त्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. शहरातल्या विशेष शाळांतले शिक्षक आनंदाने येतील, आपण कधी बोलावलंच नाही.

'खर्च?' हा प्रश्न माझ्या खात्यातला. वरची यादी परत वाचा. फेविकॉल, फोम, लोकर, मोठ्या अक्षरातल्या झेरॉक्स, एक लाकडी पाट. यंदाच्या गणपतीत मांडवाच्या लाइटिंगवर आपण जे उडवलं त्याच्या कोपऱ्यातही हे दिसणार नाही. मोठा खर्च एकच, हॉलच्या तीन पायऱ्यांना उतार करणं. तो मुलांसाठी नको असेल तर माझ्या वयाच्या सभासदांच्या गुडघ्यांसाठी करा.

शेवटचा मुद्दा घरांचा आहे, आणि तो थोडा कडू आहे. आपली जुनी, नाव असलेली कुटुंबं. लश्करातल्या वाड्यांत मी लहानपणी पाहिलंय, पाहुणे आले की घरातलं एखादं माणूस आतल्या खोलीत जायचं. आमच्याच घरात एक आत्या होती, जन्मतः ऐकू न येणारी. दिवाळीत तिची रांगोळी बघायला गल्लीतल्या बायका यायच्या, 'हात काय सुंदर आहे' म्हणायच्या. तिला शाळेत घातलं नव्हतं. रांगोळीच्या स्पर्धेत नाव द्यावं असंही कोणाच्या मनात आलं नाही, कारण बाहेर गेली तर लोक विचारतील, मग धाकट्या बहिणींची लग्नं अडतील. सत्तर वर्षं ती अंगणात रांगोळी काढत राहिली आणि दुपारपर्यंत ती पुसली जायची. तिच्या हातचं आज आमच्याकडे काही नाही. एक फोटोसुद्धा नाही.

आता शब्द बदलले. अपंग गेलं, विकलांग गेलं, दिव्यांग आलं. पण वर्गात नाव घालताना आजही आई दबक्या आवाजात विचारते, 'आमच्या मुलाला घ्याल का?' आणि नाव घेतल्यावर इतके आभार मानते की आपल्यालाच लाज वाटावी. फी ती इतरांइतकीच भरते. मग आभार कशाचे?

म्हणून माझा उलट ठराव असा आहे. विशेष गट नको. नाव नोंदवतानाच प्रत्येक पालकाला, फक्त याच चौघांच्या नव्हे, विचारायचं की मुलाला शिकताना किंवा परीक्षेत कोणती सोय लागेल. परीक्षेच्या दोन महिने आधी शिक्षक, पालक आणि मूल यांनी बसून ती सोय लिहून काढायची. मुलाला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, त्याला स्वतःचं चांगलं कळतं. निकष आधी छापायचे. परीक्षकांना ते आधी द्यायचे. ज्या संस्थेच्या परीक्षांना आपण मुलं पाठवतो तिला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र लिहून विचारायचं की तुमच्याकडे लेखनिक, तोंडी पेपर, भरपाईचा वेळ यांची लेखी पद्धत आहे का, आणि नसेल तर कधी करता. एका मंडळाचं पत्र फायलीत जातं. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, बेळगाव, पणजी, हैदराबाद अशी पाच-सहा पत्रं एका महिन्यात गेली तर उत्तर द्यावंच लागतं. चाळीस वर्षं पत्रव्यवहार केलाय, एवढं मला नक्की कळतं.

आणि हो, मुलगा नापास झाला तर नापास म्हणा. पुढच्या वर्षी परत बसेल. तोही त्याचा हक्क आहे.

आपापल्या मंडळात काय चालतं ते खाली लिहा. तुमच्याकडे कोणी शिक्षकांनी काही युक्ती काढली असेल तर ती जरूर सांगा, मी आमच्या शिक्षकांना वाचून दाखवेन. मुलांची नावं, फोटो मात्र टाकू नका, ती त्यांची त्यांना ठरवू द्या. पत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. ज्यांच्या मंडळाला हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो.